घरचा धंदा आणि बाहेर दिलेले काम

(मंडळाच्या स्वयंरोजगार मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. आम्ही दोघे नवरा-बायको नागपुरात घरच्या घरी तिखट-मसाल्याचा धंदा करतो. मंडळाच्या चिटणीसांनी निरोप पाठवला की शिबिरात येऊन काही तरी सांगा. आम्ही विचारले, काय सांगावे? ते म्हणाले, धंदा कसा सुरू करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुरू झाल्यावर दोन हातांनी सगळे कसे उरकावे हे कोणी सांगत नाही, ते सांगा. म्हणून आज कामे बाहेर देण्याविषयी बोलणार आहोत. कोणते काम द्यावे, कोणते देऊ नये, कोणाला द्यावे, आणि दिल्यावर आपण त्या माणसाशी कसे वागतो, एवढाच विषय आहे. यात आमच्या चुकाच जास्त आहेत, तेव्हा ऐकताना संकोच करू नका, मनसोक्त हसा.

धंदा सुरू केला २००९ साली. भांडवल म्हणजे घरचा गॅस, एक मोठी कढई आणि उधारीवर आणलेली मिरची. मिरची कळमन्याच्या बाजारातून आणायची, गच्चीवर वाळवायची, देठ खुडायचे, मसाल्याचे जिन्नस भाजायचे, चक्कीवर दळून आणायचे, चाळायचे, पाव-पाव किलोच्या पाकिटात भरायचे, पाकिटे मेणबत्तीवर चिकटवायची आणि सायकलवर घालून दुकानोदुकानी द्यायची. शिवाय उधारीची वसुली, आणि वही लिहायची ती रात्री, तीसुद्धा डोळे मिटत असताना. तीन वर्षे हे सगळे आम्ही दोघांनी केले. कोणी विचारले की अभिमानाने सांगायचो, आमच्याकडे बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही.

२०१२ च्या एप्रिलमध्ये त्या अभिमानाची किंमत कळली. उन्हाळा हाच तिखट-मसाल्याचा मोसम. वर्षभराची बेगमी लोक याच दिवसांत करतात. रात्री एक वाजता धणे भाजताना आमच्यापैकी एकाला उभ्याउभ्या डुलकी लागली. कढईतले धणे तर जळालेच, पण पदरानेही पेट घेतला असता. त्याच आठवड्यात मुलगी म्हणाली, “तुम्ही दोघे मला फक्त मिरचीच्या वासाने ओळखू येता.” ती हसत म्हणाली होती, पण आम्हाला हसू आले नाही.

मग एका रविवारी बसून हिशेब मांडला. समजा ४० किलो मसाला पाकिटात भरायचा आहे. पाव किलोची १६० पाकिटे झाली. भरणे, वजन करणे, चिकटवणे, चिठ्ठी लावणे असे धरून तासाला ४० पाकिटे होतात. म्हणजे चार तास गेले. हे चार तास आम्ही भाजणीला दिले असते तर आणखी माल झाला असता, दुकानांना दिले असते तर वसुली झाली असती. पाकिटे भरायला मसाल्याची जाण लागत नाही. हात स्वच्छ हवा आणि वजनाची नजर हवी. ज्या कामाला आमची जाण लागत नाही त्यात आमचा निम्मा दिवस जात होता, आणि ज्याला लागते ते काम आम्ही अर्धवट झोपेत करत होतो. हे गणित कोणत्याही शाळेतल्या मुलाने करून दिले असते, पण आम्हाला ते करायला तीन वर्षे लागली.

काम बाहेर देणे ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. चक्की आली आणि दळण घराबाहेर गेले. त्या वेळीही पुष्कळांनी नाके मुरडली असतील, पण आज कोणाच्या घरी जाते फिरते? शिंप्याकडे पाहा. तो सदरा स्वतः बेततो, स्वतः शिवतो. पण काज-बटणाला वेगळ्या माणसाकडे पाठवतो, कारण काजाचे यंत्र घेऊन ते दिवसभर चालवण्याइतके सदरे त्याच्याकडे नसतात. मुंबईत १८९० च्या सुमारास डबे पोचवण्याचे काम सुरू झाले. स्वयंपाक घरचा, पोच दुसऱ्याची, आणि डबा वाटेत उघडत नाही. आजही ते काम चालू आहे.

पापडाचे उदाहरण तर प्रत्येक शिबिरात देतात, पण त्यातली खरी खुबी सांगायची राहून जाते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पद्धत अशी की पीठ केंद्रावरच भिजवायचे. बहिणींनी सकाळी ते घरी न्यायचे, लाटून वाळवायचे आणि वाळलेले पापड परत आणून द्यायचे. तेथे ते तपासतात आणि मजुरी देतात. चव ज्यात आहे ते पीठ केंद्राने आपल्या हातात ठेवले. वेळ आणि हात ज्यात लागतात ते लाटणे घराघरांत गेले. आमच्या मते ८० रुपयांच्या गोष्टीपेक्षा ही वाटणी शिकण्यासारखी आहे. आणि लाटणाऱ्या बहिणी तेथे संस्थेच्या सभासद आहेत, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

आम्ही ठरवले की जिन्नस निवडून घेणे, प्रमाण आणि भाजणी घरात राहील. देठ खुडणे, दळण, पाकिटे आणि दुकानात पोच ही कामे बाहेर जातील. कागदावर हे फार सोपे दिसले.

पहिला फटका दळणात बसला. आमची नेहमीची चक्की लहान होती आणि रांग मोठी. २०१४ च्या दिवाळीआधी घाईत आम्ही एका मोठ्या चक्कीवाल्याकडे माल दिला. तो किलोमागे दोन रुपये कमी घेत होता. आम्ही माल टाकला आणि निघून आलो. संध्याकाळी आणला, भरला, दुकानात दिला. चार दिवसांनी दुकानदारांचे निरोप येऊ लागले की मसाल्याला वास नाही, रंग काळवंडला आहे, आणि एका ग्राहकाला तर हळदीची चव लागली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. यंत्र वेगाचे आणि सतत चालणारे. ते तापते, त्यात मसाला तापतो, आणि जो सुगंध आपण भाजून काढलेला असतो तो उडून जातो. त्यातून आमच्या आधी कोणाची तरी हळद दळली गेली होती. एकंदर २२ किलो माल परत आला.

त्या चक्कीवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्याने दळायचे कबूल केले आणि दळून दिले. आधी दोन किलो देऊन पाहावेत, यंत्रात कोणता माल गेला ते विचारावे, पहिला घाणा वेगळा काढावा, मधे यंत्र थांबवून थंड होऊ द्यावे, यांतले एकही वाक्य आम्ही त्याच्याशी बोललो नव्हतो. आपल्याला काय हवे ते आपल्या डोक्यात असते आणि आपण समजतो की समोरच्याच्याही डोक्यात ते आहे. त्यानंतर आम्ही कुठलेही काम बाहेर देताना आधी थोडा माल देऊन पाहतो आणि पास झालेल्या मालाची एक पुडी नमुना म्हणून दोन्हीकडे ठेवतो. वाद झाला तर दोन पुड्या शेजारी ठेवायच्या. बोलण्याची गरज उरत नाही. आणि दळणाच्या वेळी आमच्यापैकी एक जण चक्कीवर उभा असतो. काम बाहेर दिले म्हणजे त्याच्यावरची नजरही बाहेर दिली असे होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण करायचे कबूल केले ती सांगतो.

देठ खुडण्याचे काम आम्ही वस्तीतल्या तीन बायांना दिले. पूर्व विदर्भात मिरचीच्या सातऱ्यांवर बाया हेच काम करतात, त्यामुळे ते येणाऱ्या पुष्कळ असतात. त्या वेळी आम्ही किलोला ८ रुपये देऊ केले. त्या लगेच हो म्हणाल्या आणि आम्ही खूष झालो. आमच्या सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, “आठ रुपये कोणी ठरवले?” आम्ही म्हणालो, बाजारात हाच भाव आहे. त्या म्हणाल्या, “बाजाराने कधी देठ खुडले?”

सासूबाईंनी कामठीला वीस वर्षे विड्या वळल्या. सट्टेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून द्यायचा आणि हजार विड्यांवर मजुरी. पत्ता सडका निघाला तर भर घरून घालायची. तयार विड्या नेल्या की तो मूठ-मूठ उचलून छाट काढायचा, ही बारीक, ही सैल. छाटीची मजुरी नाही. पण छाटीतल्या विड्या परतही मिळत नसत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांचाही विचार होता. पण सासूबाईंच्या सट्टेदाराच्या ओट्यापर्यंत तो कायदा कधी पोचलेला त्यांनी पाहिला नाही. त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, “काम घरोघर द्या, हरकत नाही. पण माझ्या घरात सट्टेदार नको.”

त्या दिवशी आम्ही दोघे घड्याळ समोर ठेवून मिरचीच्या ढिगापाशी बसलो. पहिल्या तासात आमचा एक किलोही पुरा झाला नाही. बोटांची आग, डोळ्यांना पाणी, घशात ठसका. सवयीचा हात तासाला सव्वा ते दीड किलो करतो, म्हणजे आठ रुपयांच्या भावाने तिच्या पदरात तासाला १० ते १२ रुपये पडणार होते. एवढ्या पैशात आमच्यापैकी कोणी तासभर तो ठसका सोसला असता का? आम्ही भाव १४ रुपये केला. किलोमागे सहा रुपये वाढले, म्हणजे पाव किलोच्या पाकिटामागे दीड रुपया, घट धरून थोडा अधिक. दुकानदार कुरकुरले, पण त्यामुळे एकही दुकान तुटले नाही. हातमोजे आणि तोंडाला बांधायचे फडके आमच्याकडून, आणि काम गच्चीवर सावलीत, घरात लहान मुले असताना नाही, हेही तेव्हाच ठरले. दरवर्षी मोसमाआधी आम्ही पुन्हा घड्याळ घेऊन बसतो. आता वये झाली, हात हळू चालतात. भाव ठरवण्यात बायांचा फायदा होतो असे त्याच गमतीने म्हणतात.

एवढे सगळे केल्यावरही आम्ही घसरलो, तेही सांगायला हवे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा रोख मजुरी कशी द्यावी हा प्रश्न आला होता. तेव्हा बायांनी आम्हाला सांभाळून घेतले. पुढच्याच वर्षी एका मोठ्या दुकानाने आमचे तीन महिन्यांचे पैसे अडकवले. आम्ही काय केले? बायांना म्हणालो, आमचेच आले नाहीत, थोडे थांबा. एक आठवडा, दोन आठवडे, चार आठवडे. पाचव्या आठवड्यात पाकिटे भरणारी बाई आलीच नाही. निरोप पाठवला तर कळले की मुलाची परीक्षेची फी भरायला तिने व्याजाने पैसे काढले आणि ते फेडायला ती दुसरीकडे धुणीभांडी करते. आमच्याकडे तिचे निघत होते १,१०० रुपये. त्याच महिन्यात आम्ही हप्त्यावर नवे पाकीट चिकटवायचे यंत्र घेतले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या पेटीतून पैसे काढले आणि स्वतः जाऊन तिला देऊन आल्या. ते आम्हाला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

दुकानदार पैसे देईल की नाही हा धोका आमचा आहे, कारण नफाही आमचा आहे. तो धोका आम्ही सर्वांत गरीब माणसाच्या गळ्यात हळूच बांधला होता आणि त्याला “थोडे थांबा” असे गोड नाव दिले होते. तेव्हापासून मजुरीचे पैसे वेगळ्या डब्यात पडतात. माल विकला जावो न जावो, शनिवारी संध्याकाळी हिशेब होतो. ती बाई परत आली, पण सात महिन्यांनी.

येथे धंदा करणाऱ्या तरुणांना एक माहिती देतो, जी आम्हाला तेव्हा नव्हती. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यात, नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे घेणाऱ्याने किती दिवसांत द्यावेत हे सांगितले आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ नावाने होते आणि तिला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. व्याज वसूल करणे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. दुकानदाराशी भांडून धंदा चालत नाही. पण बिलावर नोंदणीचा क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापल्यापासून आमची वसुली लवकर होते हा आमचा अनुभव आहे.

पाकिटावर आमचे नाव आहे, म्हणून त्यातल्या वस्तूचा जाब आम्हालाच द्यावा लागतो. खाद्यपदार्थ घरून विकायचा तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, किंमत, भरल्याचा महिना आणि पत्ता हेही लागते. पाकीट भरणाऱ्या बाईच्या हातून पाच ग्रॅम कमी पडले तर अधिकारी तिच्याकडे जात नाही, आमच्याकडे येतो. ते बरोबरच आहे.

वहीविषयी थोडे. देताना वजन, घेताना वजन, आणि घट. देठ काढल्यावर वजन उतरते, वाळल्यावर आणखी उतरते. एकदा एका बाईच्या मालात दीड किलो कमी आले. आमच्या मनात पाप आले. तिच्या ते लक्षात आले, पण ती भांडली नाही. घरी जाऊन देठांची थैली घेऊन आली आणि काट्यावर ठेवली. देठ आणि मिरची मिळून वजन जवळपास पुरे भरले, राहिले ते वाळल्याचे. त्या मोसमात मिरची ओलसर आली होती आणि आम्हीच खरेदीत फसलो होतो. तेव्हापासून देठही परत घेतो आणि वजन करतो, तेही तिच्यासमोर. वहीत दोन्हीकडच्या सह्या असतात. विश्वास आहे म्हणून लिहू नये असे पुष्कळ म्हणतात. आम्ही तर म्हणतो की त्या दिवशी देठांची थैली नसती तर आमचा विश्वास तिच्यावरून कायमचा उडाला असता, आणि चूक तिची नव्हतीच.

शेवटी एक प्रश्न, जो प्रत्येक जण विचारतो. बाहेर काम दिले आणि शिकून त्याने आपलाच धंदा काढला तर? आमच्याकडे झाले ना. भाजणीला मदत करणाऱ्या मुलीने २०१९ साली स्वतःचा मसाला काढला आणि आमच्या दोन दुकानांत ठेवला. आम्ही पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही. कृतघ्न वगैरे शब्द घरात वापरून झाले. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की आम्हीही हे एका शेजारणीच्या ओसरीवर बसूनच शिकलो होतो आणि तिला आजवर साधी भेटही दिली नव्हती. शिवाय वर्षानुवर्षे दुसऱ्याची पाकिटे भरत राहावे असे कोणी कोणाला का सांगावे? पापडाच्या संस्थेत लाटणाऱ्या बहिणी सभासद असतात असे मघाशी म्हणालो. आमच्याकडे तसे काही नव्हते, मग ती किती दिवस राहणार होती?

२०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली तेव्हा त्या मुलीचाच फोन आला. तिच्याकडे घरपोच गिऱ्हाईक होते, माल नव्हता. आमच्याकडे माल होता, गिऱ्हाईक नव्हते. त्या उन्हाळ्यात पोच तिने केली. आजही मोठी मागणी आली की अर्धी भाजणी तिच्याकडे जाते, आमच्या नमुन्याच्या पुडीसह. तिचा स्वतःचा मसाला आमच्यापेक्षा थोडा जहाल आहे, आणि खरे सांगायचे तर मटणाला तोच चांगला लागतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सांगणे आहे. आमच्यासारख्या घरांना हिशेब लिहून देणारा, बिले करून देणारा, पाकिटावरचा मजकूर शुद्ध लिहून देणारा माणूस हवा असतो आणि पूर्ण पगारावर तो परवडत नाही. वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी चार वर्षे आमची वही रविवारी दोन तास पाहायचा. ठरल्याप्रमाणे त्याचेही पैसे शनिवारच्याच डब्यातून जायचे. त्याने पहिल्याच महिन्यात दाखवून दिले की आमचे सर्वांत जास्त खपणारे पन्नास ग्रॅमचे पाकीट आम्ही तोट्यात विकत होतो.

ती वही आम्ही सोबत आणली आहे. मागच्या टेबलावर ठेवतो. पहिल्या पानावर २०१२ चा भाव आहे, ८ खोडून १४ केलेला. शेजारी सासूबाईंचा अंगठा आहे. साक्षीदार म्हणून तो त्यांनी मागून घेतला होता. चहाच्या सुट्टीत ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. हात मात्र पुसून घ्या, कारण तिच्या पानांना अजून तिखट आहे.